खंजिरी बोथट का होते? टेपवरचा बायस

मागच्या व्याख्यानात आपण टेपचं हेड आणि फीत यांची ओळख करून घेतली. आज बायस समजून घेऊ.

अमरावती जिल्ह्यातलं मोझरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि खंजिरी भजन आठवतं. अमरावती-अकोल्याकडे घरोघरी भजनांच्या कॅसेटी भरल्या गेल्या. आज त्या लावल्या की कधी शब्द कळतात, पण खंजिरीच्या चकत्यांची छनछन बोथट लागते. असं का होतं?

फितीवरचे चुंबकीय कण हट्टी असतात. लहान ओढीला दाद देत नाहीत, ओढ वाढली की एकदम वळतात. त्यामुळे नुसता आवाज भरला तर तो फाटतो. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली बंडी आठवा. आधी ती मागेपुढे हलवतो, मग थोड्या जोरानंही निघते. बायस हेच हलवण्याचं काम करतो. कॅसेट रेकॉर्डरमध्ये तो सेकंदाला सुमारे १ लाख कंपनांचा असतो. माणसाचा कान २० हजारांपर्यंतच ऐकतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही.

पूर्वी यासाठी एकदिश प्रवाह वापरत, पण खरखर फार यायची. १९४० साली जर्मन नभोवाणीत वेबर आणि फॉन ब्राउनम्यूल यांनी उच्च कंपनांचा बायस टेपवर आणला आणि ध्वनिमुद्रणाचा दर्जाच बदलला.

आता प्रमाण बघा. बायस कमी पडला तर आवाज कर्कश होतो, फाटतो. जास्त झाला तर फाटणं थांबतं, पण बारीक, उंच स्वर भरता भरताच पुसले जातात. पहिला बळी खंजिरीच्या चकत्यांचा! क्रोम फितीला साध्या फितीपेक्षा जास्त बायस लागतो, म्हणून रेकॉर्डरवर टेप निवडायचं बटण असतं.

महत्त्वाचं हे, की बायस फक्त भरताना लागतो. वाजवताना तो नसतोच. तेव्हा पुसलं गेलेलं आज कुठल्याही संगणकावर खरं परत येत नाही. पण छनछन ऐकू येत नाही म्हणून कॅसेट लगेच टाकून देऊ नका. हेड मळलेलं किंवा किंचित तिरकं असलं तरी आवाज असाच बोथट होतो, आणि तो दोष दुरुस्त होतो. आधी हेड पुसा, त्याचा कोन नीट करून घ्या, शक्यतो मूळ कॅसेट शोधा. संगणकावर उतरवायचं ते मगच.