वखारीपासून कोलकासपर्यंत

आपल्याकडे प्रवास म्हणजे संघाचा प्रवास. पालीताणा असो, शिखरजी असो वा आबू, निघताना सोबत स्वयंपाकाचा महाराज असतो, उकळून गार केलेले पाणी असते, खाखऱ्यांचे डबे असतात आणि आजूबाजूला सारी ओळखीची माणसे असतात. त्यामुळे तेरा अनोळखी माणसांबरोबर मेळघाटच्या जंगलातील कोलकासच्या विश्रामगृहात तीन रात्री राहणार असल्याचे मी घरी सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न वाघाविषयी आला नाही. "जेवणाचे काय?" असा तो प्रश्न होता.

मला ओढ होती ती वाघाची नव्हे, परतवाड्याची. घाटकोपरला आमची लाकडाची वखार आहे. वडिलांच्या जुन्या रोजमेळांत 'परतवाडा' हे नाव पानोपानी येते. तेथील वन विभागाच्या डेपोत सागाच्या लिलावासाठी ते जात. परतताना मुक्तागिरीचे दर्शन घेत. आम्ही श्वेतांबर आणि ते क्षेत्र दिगंबरांचे, पण त्यांनी हा भेद कधी मानला नाही. आता वखार मुलगा सांभाळतो. डिसेंबरात वेळ होता, म्हणून निसर्गसहलीला जाणाऱ्या एका गटात नाव नोंदवले.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने अमरावती, तेथून मोटारीने परतवाडा आणि पुढे धारणीच्या रस्त्याने सेमाडोह व कोलकास. परतवाडा सोडल्यावर घाट लागतो आणि दोन्ही अंगांना साग सुरू होतो. आयुष्यभर मी साग पाहिला तो आडवा. थप्पी लावलेला, टोकावर हातोड्याचा ठसा उमटलेला, घनफुटात मोजलेला. उभा साग एवढा सलग मी प्रथमच पाहत होतो. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे सांगावे याचा थोडा संकोच वाटतो, पण खरे आहे.

कोलकासचे विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उंच टेकाडावर आहे. व्हरांड्यातून खाली नदीचा डोह दिसतो. फोन मुका झाला होता. अशी विश्रामगृहे ब्रिटिश अमदानीत जंगलोजंगली बांधली गेली ती पर्यटकांसाठी नव्हे, तर झाडांची मोजदाद आणि तोडीची पाहणी करीत फिरणाऱ्या वनाधिकाऱ्यांसाठी. म्हणजे या व्हरांड्यांचा आमच्या वखारींशी संबंध जुनाच.

सहप्रवाशांत मुलुंडच्या एक निवृत्त जीवशास्त्र-शिक्षिका होत्या, त्यांना सारे 'बाई' म्हणू लागले. बोरिवलीचे एक जोडपे, अंधेरीच्या बँकेत काम करणाऱ्या दोन मुली, मोठा कॅमेरा घेऊन आलेला एक तरुण, आणखी काही मंडळी. जैन मी एकटाच.

अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. डिसेंबरात तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि जंगलातील जनावरे बाहेर पडण्याची वेळही तीच. आमची जिप्सी परतली तेव्हा अंधार पडला होता. माझा चौविहार, मी पानावर बसलो नाही. पहाटेची सफारी सूर्योदयापूर्वी निघते आणि नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, तेव्हा सकाळचा चहाही गेला. मला त्याचे काही नव्हते, उपवासाची सवय आहे. पण कोणाच्या लक्षात येऊ नये असा माझा प्रयत्न फसला. दुपारी बाईंनी सर्वांसमक्ष विषय काढला आणि संध्याकाळी गाड्या पाच वाजताच फिरवू असे सुचवले. कॅमेरेवाला तरुण नाराज झाला. त्याचेही बरोबर होते, त्याने त्या अर्ध्या तासासाठीच पैसे भरले होते. मी हात जोडून नको म्हटले. अखेर तीनपैकी एक गाडी लवकर परतेल असे ठरले. तीत बाई आणि बोरिवलीचे जोडपे आपण होऊन बसले. स्वयंपाकघरातल्या कोरकू आचाऱ्याने माझ्यासाठी वेगळे पातेले घासून त्यात बटाटा-कांद्याविना डाळ-भात शिजवला होता. सव्वापाचला ताट तयार. त्याने कारण विचारले नाही, फक्त वेळ विचारून घेतली होती.

त्याच परतीच्या वाटेवर बाईंनी गाडी थांबवली. सागाच्या निष्पर्ण फांदीवर मुठीएवढे घुबड भर उजेडात बसले होते. रानपिंगळा. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती, तो नामशेष झाला असेच धरले होते. १९९७ साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला, आणि मग मेळघाटातही सापडला. बाई हळू आवाजात सांगत होत्या की तो जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. मी त्या झाडाकडे पाहिले. आमच्या भाषेत तो 'पोकळ माल'. लिलावात अशा ओंडक्याला कोणी बोली लावत नाही. आम्ही जे लाकूड खोटे म्हणून बाजूला काढतो, तेच त्या पक्ष्याचे घर होते. दुसऱ्या गाडीला त्या संध्याकाळी अस्वल दिसले, त्यामुळे कॅमेरेवाल्याचाही राग गेला.

रात्री व्हरांड्यात सारे जमले. शेकोटीला वनरक्षकाने मनाई केली होती आणि मला ते बरेच वाटले. प्रत्येकाने आपला व्यवसाय सांगावा असे ठरले. माझी पाळी आली. 'लाकडाचा व्यापार' हे शब्द त्या जागी उच्चारताना जड गेले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग अंधेरीच्या मुलींपैकी एकीने, खोचकपणे नव्हे, खरेच कुतूहलाने विचारले, "काका, तुम्ही तर मुंगीसुद्धा मारत नाही. मग हा व्यापार तुम्हाला चालतो कसा?"

मी कायद्याचे उत्तर दिले. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तोड बंद आहे. डेपोतला माल कार्य-आयोजनेनुसार तोडलेला असतो. डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयोजनेबाहेरची तोड थांबली आणि विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. प्रत्येक ओंडक्यावर ठसा, प्रत्येक ट्रकला वाहतूक परवाना. सारे खरे होते. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ती कायदा विचारत नाही हो. तुमच्या धर्मात काय आहे, ते विचारतेय."

याचे उत्तर मला पाठ होते, हीच खरी अडचण. प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणताना श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची नावे आपण घेतो. अंगारकर्म पहिले, वनकर्म दुसरे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यांचे विवरण करताना तोडलेल्या वा न तोडलेल्या वनाची पाने, फुले, फळे विकणेही त्यात धरले आहे. पन्नास वर्षे मी ते नाव म्हणत आलो आणि त्यासाठी मिच्छा मि दुक्कडंही म्हटले. दुसऱ्या दिवशी वखार उघडली. आमच्या उपाश्रयात निम्मे व्यापारी, पण तेथे कोणी कोणाला असे विचारत नाही. एकमेकांचे धंदे आपल्याला इतके माहीत असतात की विचारण्याजोगे काही उरत नाही. परक्या मुलीला ते माहीत नव्हते, म्हणून तिने विचारले.

'आम्ही तोडत नाही, फक्त विकतो' हे आपले नेहमीचे समाधान. श्रावकाची व्रते बहुधा 'न करणे, न करवणे' एवढ्यापुरती असतात, अनुमोदनाची मोकळीक असते, हेही खरे. पण आगाऊ मागणी नोंदवणे हे अनुमोदन की करवणे? त्या रात्री झोप आली नाही. खाली नदीचा आवाज होता.

परतीच्या दिवशी मुक्तागिरीला गेलो. सातपुड्याच्या खोऱ्यात धबधब्याच्या दोन्ही अंगांना बावन्न मंदिरे. बरोबरची सारी मंडळी पायऱ्या चढून आली, त्यातल्या कोणालाही तसे यायचे कारण नव्हते. वडील लिलाव आटोपून येथे का येत, हा प्रश्न मला प्रथमच पडला. मी त्याला 'जाता जाता दर्शन' समजत होतो.

घरी आल्यावर मुलाशी बोललो. त्याचा मुद्दा वाजवी होता: आता आपला बहुतेक माल प्लायवुड आहे, आणि यमुनानगरकडचे प्लाय शेतात लावलेल्या पॉप्लर-निलगिरीचे असते. ते वनकर्म कसे? ते मला पटले. मग मी आयात सागाचे विचारले. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून आमच्याकडे आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा साग येतो. त्यातला काही लागवडीचा असतो. काही कुठला, ते बिलावर लिहिलेले नसते. वडिलांना परतवाड्याचे जंगल निदान घाटातून दिसत असे. आम्हाला फक्त बंदराचे नाव ठाऊक. "गिऱ्हाईक विचारत नाही," मुलगा म्हणाला. तरी त्याने तिन्ही पुरवठादारांना मूळ ठिकाणाचे कागद मागितले. दोघांनी पाठवले. तिसऱ्याचा माल सर्वांत स्वस्त आहे. त्याने अजून पाठवलेले नाहीत आणि त्याची नवी मागणी आम्ही थांबवून ठेवली आहे. किती दिवस थांबवू शकू, यावर घरात एकमत नाही.

गेल्या महिन्यात बाई वखारीत आल्या. पुस्तकांच्या कपाटासाठी फळ्या हव्या होत्या. दोन थप्प्यांवर हात फिरवून त्यांनी विचारले, "हे कुठले?" पहिल्या थप्पीचे मला सांगता आले. दुसरीतल्या फळ्या त्या तिसऱ्या पुरवठादाराच्या होत्या. बाईंनी पहिलीतल्या घेतल्या, चार हजार रुपये जास्त देऊन, आणि मुलाने त्यांचे बिल करताना लाकडाच्या नावापुढे प्रथमच गावाचे नाव लिहिले.