विळीचा दोष नाही, सुनेचाही नाही

या पानावर मी एरवी खतमात्रा आणि फवारणीबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा आहे.

मागे मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर चार वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर होता. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, टाचा टेकत नव्हत्या. आजी म्हणाली, "सायेब, सुनेनं गिराणात इळी धरली, त्याचं हे फळ." सून दारातच उभी होती, मान खाली घालून. चार वर्षे ती हेच ऐकते आहे.

मुलाचा बाप आतून मोठे पाकीट घेऊन आला. गाभण म्हैस विकून शहरात एमआरआय काढलेला. "यात काय लिहिलंय ते तेवढं सांगा." आता मी पडलो शेतीखात्याचा माणूस. ते कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवले, स्वतःही थोडे वाचले.

या दुखण्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. गावात लोक याला पोलिओ समजतात. पण पोलिओत पाय लुळा पडतो, यात बहुधा ताठतो. दोष पायात नसतोच. गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. आणि पीक पिवळे पडायला जशी लोहाची कमतरता, साचलेले पाणी, मूळकूज अशी दहा कारणे, तसेच इथे आहे.

लंडनचे सर्जन विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये सांगितले, की अवघड बाळंतपणात बाळ गुदमरले की असे होते. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी (होय, तेच मानसशास्त्रवाले) उलटा प्रश्न टाकला: बाळ गर्भातच बिघडले असेल आणि म्हणून बाळंतपण अवघड गेले असेल तर? जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायची सोय तेव्हा नव्हती. ती एमआरआयने झाली. यात क्ष-किरण नसतात, चुंबक असते. मूल हलू नये म्हणून बहुधा झोपेचे औषध देतात.

इजा मेंदूत कुठे दिसते, यावरून ती साधारण केव्हा झाली याचा अंदाज येतो. मेंदूची घडणच चुकलेली असेल तर गोष्ट गर्भातली, बरीच आधीची. मधल्या गाठी दुखावल्या असतील तर पूर्ण दिवसांच्या बाळाला ऐनवेळी प्राणवायू कमी पडलेला असू शकतो, किंवा जन्मानंतरची कावीळ फार चढलेली. पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावला असेल, तर इजा बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यातली. पायांकडे जाणाऱ्या वाटा त्या पोकळ्यांना लागूनच असतात, म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठतात.

२००६ मध्ये युरोपातल्या ३५१ मुलांचे एमआरआय अभ्यास म्हणून प्रसिद्ध झाले. शंभरात सुमारे ४३ जणांत हा पांढरा भागच दुखावलेला होता. १२ जणांच्या चित्रात काहीच सापडले नाही. म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल' आला म्हणून मूल ढोंग करते असे नव्हे.

वस्तीवरचा मुलगा साडेसात महिन्यांचा जन्मलेला, दीड किलोचा. रिपोर्टातही पांढऱ्या भागाचीच इजा होती. दिवस आधी भरले, त्याचा विळीशी काय संबंध? पुन्हा जाऊन आजीला समोर बसवून हे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. सून मात्र या वेळी दारात उभी न राहता खाली बसून ऐकत होती.

एक सांगून ठेवतो. एमआरआय म्हणजे औषध नव्हे. तो काढायला म्हैस विकली म्हणून पाय मोकळे होत नाहीत, त्यासाठी व्यायामोपचार लवकर सुरू व्हावे लागतात. चार महिन्यांत मान धरत नसेल, मुठी सतत वळलेल्या असतील, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर थांबू नका. आलेली चाल-बोली मूल विसरू लागले तर दुखणे वेगळे असू शकते, तेव्हा तपासणी तातडीची. आणि तान्ह्याचे तळवे पिवळे दिसले तर उन्हात धरून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा. २०१६ च्या कायद्यात हे दुखणे नावानिशी आहे. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही विचारतो: ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दिव्यांगांचे पाच टक्के यंदा कशावर खर्च झाले? वस्तीवरच्या त्या मुलाला आधाराची खुर्ची हवी आहे.