न वाचलेला अहवाल

राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन सरकार न्यायालयापासूनही कागदपत्रे दडवू शकते का? अमेरिकेत हा प्रश्न एका विमान अपघातातून उभा राहिला. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी जॉर्जिया राज्यातील वेक्रॉसजवळ हवाई दलाचे बी-२९ विमान कोसळून ९ जण ठार झाले. मृत नागरी अभियंत्यांच्या तीन विधवांनी भरपाईचा दावा लावला आणि चौकशी अहवाल मागितला. अहवालातून गुप्त उपकरणांची माहिती फुटेल, असे सांगून सरकारने तो नाकारला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवाल न पाहताच सरकारचे म्हणणे उचलून धरले. अखेर तिघींना तडजोड करावी लागली.

पुढे अहवाल खुला झाला आणि २००० साली एका मृत अभियंत्याच्या मुलीच्या हाती लागला. त्यात त्या उपकरणांचे कोणतेही गुपित सापडले नाही. सापडली ती हयगय: इंजिनाला आग लागू नये म्हणून सांगितलेली उष्णतारोधक कवचे बसवलीच नव्हती.

देशाला काही गुपिते जपावीच लागतात. पण गुपित खरे आहे का, हे निदान न्यायाधीशांनी बंद दाराआड कागद वाचून ठरवावे. ज्याची चूक झाकली जाऊ शकते, त्याच्याच शब्दावर विसंबणे म्हणजे न्याय नव्हे.