तिन्ही दलांचा वाद आणि मंत्रिमंडळाचें कर्तव्य

भूदल, नौदल व वायुदल यांच्या हुकमतीचें एकीकरण कसें करावें, हा वाद सेनाधिकाऱ्यांनींच आपसांत मिटवावा, असें म्हणणाऱ्या मुत्सद्द्यांचें आम्हांस नवल वाटतें. कारगिलच्या युद्धानंतर मंत्रिगटानें 2001 सालीं संरक्षणदलप्रमुखाचें पद सुचविलें. तें भरण्यास 1 जानेवारी 2020 उजाडावा लागला. मध्यंतरीं 2012 त नरेशचंद्र समितीचा आणि 2016 त लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीचा अहवाल आला. शेवटीं पद निघालें तेंहि असें कीं, तिन्ही दलप्रमुखांवर लष्करी हुकूम चालविण्याचा अधिकार त्यास दिला नाहीं. तीन वर्षांत एकोपा घडविण्याची जबाबदारी मात्र दिली!

मूळ योजना अशी कीं, तिन्ही दलांच्या सतरा निरनिराळ्या कमांडांच्या जागीं मोजक्या संयुक्त कमांड स्थापून प्रत्येकीवर एकच सेनानी नेमावा. वायुदलाचा यास आक्षेप आहे, आणि तो केवळ मानापमानाचा नव्हे. लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन मंजूर असतां, 2025 च्या सप्टेंबरांत मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 च उरल्या. त्या वांटून दिल्यास एका सीमेवरची विमानें दुसरीवर वेळेस धांवतील कशीं? 2021 त संरक्षणदलप्रमुख रावत यांनीं वायुदलास साह्यकारी दल म्हटलें व वायुदलप्रमुख भदौरिया यांनीं तें उघडपणें अमान्य केलें. 2025 च्या ऑगस्टांत महू येथें वायुदलप्रमुखांनीं घाई नको म्हटलें; नौदलप्रमुखांनीं एकीकरणाची ग्वाही दिली. असा मतभेद होणें आम्ही वाईट मानीत नाहीं.

परंतु निकाल कोणीं द्यावयाचा? 1 सप्टेंबर 1965 रोजीं छांबवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हां संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीं वायुदलास परवानगी देण्यास विलंब लाविला नाहीं, आणि त्याच सायंकाळीं विमानें निघालीं. मात्र त्या गर्दींत कांहीं मारा आपल्याच सैन्यावर झाला. मंत्र्याचा निश्चय एका दिवसांत होऊं शकतो. दोन दलांची जूट तितक्या अवधींत होत नाहीं, ती आधींच करून ठेवावी लागते.

पनवेल तालुक्यांतील आमचें ओवे गांव ज्या जिल्ह्यांत आहे, तो 1981 पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. आंग्र्यांच्या या मुलखास फुटीचें फळ सांगावयास नको. तुळाजी उन्मत्त होता हें खरें. तथापि 1756 त त्यास जेरीस आणण्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांस हातीं धरलें, आणि विजयदुर्गाखालीं जळालें तें मराठ्यांचेंच आरमार.

कायद्याची वाट थोडी मोकळी झाली आहे. पूर्वी संयुक्त संस्थेच्या प्रमुखास दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करतां येत नसे. त्यास मूळ दलाकडे धाडावें लागे. 2023 च्या कायद्यानें ही अडचण दूर केली व 10 मे 2024 पासून तो अमलांत आला. मात्र कोणती कमांड कोठें असावी व विमानांवर अंतिम हुकूम कोणाचा, हें त्या कायद्यांत नाहीं. तें मंत्रिमंडळानें ठरवावें, त्याचीं कारणें संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढें लेखी ठेवावीं, आणि वायुदलाच्या आक्षेपास दिलेलें उत्तरहि त्यांत असावें.