शाकारणी : कुंभकोणमच्या कौलारू घरांची देखभाल

'घर शाकारणे' हे मराठीतील मोठे अर्थवाही क्रियापद आहे. छप्पर गवताचे असो वा कौलांचे, पावसापूर्वी ते उकलून पाहणे, सडलेले काढणे, फुटलेले बदलणे आणि पुन्हा नीट रचणे ही सारी क्रिया त्या एका शब्दात सामावलेली आहे. छप्पर वर्षावर्षाला नव्याने सिद्ध करावे लागते, ही जाणीव त्यामागे आहे. प्रस्तुत लेखात कावेरीकाठच्या कुंभकोणम येथील कौलारू घरांच्या संदर्भात या क्रियेचे स्वरूप पाहावयाचे आहे.

तंजावरचे भोसले राज्य १६७६च्या सुमारास स्थापन झाले व १८५५ साली संपुष्टात आले. या काळात तंजावरप्रमाणेच कुंभकोणमलाही मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला. येथील जुन्या घराला रस्त्याच्या बाजूस 'तिण्णै' म्हणजे ओटा असतो, आत 'मुट्रम' म्हणजे उघडा चौक असतो, आणि चौकाच्या चारही बाजूंनी पाखी आत उतरतात. वाड्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये.

या घरांवर प्रामुख्याने दोन प्रकारची कौले आढळतात. पहिले 'नाट्टु ओडु', म्हणजे गावठी कौल. ते लहान व हलके असून रिपांवर एकावर एक थर देऊन रचले जाते. त्याला खाच नसते. स्वतःच्या भाराने आणि शेजारच्या कौलाच्या आधाराने ते जागेवर राहते. दुसरे मंगलोरी कौल. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर त्याचा प्रसार झाला. त्याच्या कडांना खाचा असतात व खालच्या अंगास रिपेवर अडकणारे उंचवटे असतात. एक चौरस मीटर पाख्यास अशी सुमारे १५ कौले लागतात. गावठी कौले त्याहून कितीतरी अधिक. म्हणूनच गावठी कौलांचे छप्पर अधिक वेळा हलते आणि त्याची निगाही अधिक वेळा राखावी लागते.

शाकारणीचा काळ पावसावर ठरतो. कोकणात हे काम वैशाखात उरकावे लागते, कारण मृगात पाऊस येतो. कुंभकोणमला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. तेव्हा येथे छपरावर चढण्याचा योग्य काळ भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. याच हंगामात वादळेही येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ धडकलेल्या 'गज' चक्रीवादळाने या सबंध टापूची हानी केली. सुट्या कौलाखाली वारा शिरला की शेजारची रांगही उचलली जाते. म्हणून एका कौलाची हयगय एका कौलापुरती राहत नाही.

कामाचा क्रम साधा आहे. प्रथम घरात काळोख करून खालून पाहावे. उजेडाचे कवडसे दिसतील तेथे कौल सरकले वा फुटले आहे असे समजावे. वर चढताना पाय वाशांच्या रेषेवर ठेवावा, दोन वाशांमधील पोकळीवर नव्हे. पालापाचोळा व शेवाळ काढावे, कारण साचलेल्या कचऱ्यामुळे पाणी उलटे चढून कौलाच्या सांध्यात शिरते. नवे कौल बोटाने वाजवून घ्यावे. भाजणी पक्की असेल तर नाद खणखणीत येतो. रीप वाळवीने पोखरली असेल तर तिच्यावर नवे कौल चढवण्यात अर्थ नाही. सर्वांत अधिक लक्ष चौकाच्या चार कोपऱ्यांकडे द्यावे. तेथे दोन पाखी आत वळून मिळतात आणि दोन्हींचे पाणी एकाच पन्हळीतून वाहते. चौकाचे घर गळते ते बहुधा याच ठिकाणी.

आढ्यावरील कौले चुन्यात बसवण्याची जुनी रीत सकारण होती. उन्हाने लाकूड व कौल किंचित हलतात. चुना ती हालचाल सोसतो, सिमेंट तडकते आणि तडीतून पाणी मुरते. गळती थांबवण्यासाठी कौलांवर डांबर वा सिमेंटचा लेप देणे हे त्याहून वाईट. त्यामुळे कौल सुटे काढता येत नाही, आतली ओल बाहेर पडत नाही आणि वासे कुजतात. कौलारू छपराचे सारे बळ त्याचा प्रत्येक घटक वेगळा काढता येतो यातच आहे.

छप्पर हा जिवाशी संबंधित विषय आहे, हे या गावाइतके कोणाला ठाऊक नसेल. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेचे झावळ्यांचे छप्पर पेटून ९४ मुले दगावली. न जळणारे छप्पर हवे, ही मागणी त्यानंतर निर्विवाद ठरली. भाजलेल्या मातीचे कौल ती पुरी करते. तरीही जुनी घरे पाडून काँक्रीटचे सपाट छत घातले जाते, कारण दरवर्षीची शाकारणी कोणाला नको असते आणि ती करणारे हातही कमी होत चालले आहेत.

सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे कौलारू घर २००३ पासून शास्त्र विद्यापीठाने स्मारक म्हणून जतन केले आहे. मात्र स्मारकाचे भाग्य प्रत्येक घराच्या वाट्यास येत नाही. उरलेली घरे टिकतील ती त्यांत राहणाऱ्यांनी पावसाआधी शिडी लावली तरच. 'शाकारणे' या शब्दाचे आयुष्यही त्या शिडीवरच अवलंबून आहे. काम थांबले की शब्द केवळ कोशात उरतो.