माका कोणता, एकदांडी कोणती?

भाद्रपद आला की बाजारात माक्याच्या जुड्या येतात. पितृपक्षात श्राद्धाला माका लागतो. केसांच्या तेलात माका घालतात. वैद्यही औषधासाठी माका मागतात. ते त्याला भृंगराज म्हणतात.

पण जुडीत आहे तो माकाच कशावरून? तसे पांढरे फूल एकदांडीलाही येते. कुणी तिला दगडी पाला म्हणतात, कुणी कंबरमोडी. घाईने उपटले की दोन्ही एकाच जुडीत जातात. मग घेणाऱ्याचे पैसे फुकट जातात आणि विकणाऱ्यावरचा विश्वास उडतो. तेव्हा दोघांची नीट ओळख करून घेऊ.

ही दोन्ही झाडे सूर्यफुलाच्या घराण्यातली. झेंडू, शेवंती, करडई हीही त्यातलीच. या घराण्याची एक गंमत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो पुष्कळ बारीक फुलांचा झुबका असतो. वाळलेल्या झेंडूची एक पाकळी उपटून बघा. तिच्या बुडाशी काळे बी दिसेल. म्हणजे ती नुसती पाकळी नव्हे, एक वेगळे फूलच! घराणे एक, म्हणून तोंडवळाही मिळताजुळता. चुलतभावांचे असते तसेच हे.

आता खुणा पाहू.

पहिली खूण जागेची. माक्याला ओल लागते. पाटाच्या कडेला, भाताच्या बांधावर, नाल्याकाठी तो वाढतो. एकदांडीला कोरडे चालते. रस्त्याकडेला, मुरमात, पडक्या भिंतीवरही ती पसरते. पण पावसाळ्यात दोघे शेजारी शेजारीही सापडतात. म्हणून एवढ्यावर भागत नाही.

दुसरी खूण पानाची. माक्याचे पान अरुंद, लांबट आणि टोकदार असते. त्याला देठ जवळजवळ नसतोच. हाताला ते खरखरीत लागते. एकदांडीचे पान रुंद असते. त्याच्या कडेला मोठे दाते असतात.

तिसरी खूण फुलाची. एकदांडीला वीतभर लांब, सरळ दांडी येते. तिच्यावर पान नसते. टोकाला एकच फूल असते. म्हणून तर नाव एकदांडी! फुलाचा मध्य पिवळा असतो. भोवती पाचेक रुंद पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. माक्याची फुले लहान असतात. पानाच्या बगलेत, आखूड देठावर, एकदोन येतात. त्यांचा मध्य पांढुरका असतो. भोवतीच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पुष्कळ असतात.

चौथी खूण बियांची. एकदांडीच्या बीला केसांचा तुरा असतो. फुंकर मारली की ते उडते. म्हणूनच ती भिंतीवर जाऊन बसते. माक्याच्या बीला असा तुरा नसतो. ते खाली पडते आणि पाण्याबरोबर वाहत जाते.

पाचवी खूण रसाची. माक्याचा पाला बोटांत चुरडा आणि थोडा वेळ थांबा. रस हळूहळू काळपट होतो. पूर्वी गोंदताना हा रस वापरीत. रस काळा पडला नाही, तर तो माका समजू नका.

पान माक्यासारखे, पण फूल पिवळे दिसले तर? तो पिवळा माका. ते झाड निराळे. त्याची जुडी वेगळी बांधा.

याच घराण्यातले गाजरगवत मात्र उघड्या हाताने उपटू नका. त्याचे पान गाजराच्या पानासारखे कातरलेले असते. वर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. 1955 च्या सुमारास पुण्यात ते लोकांच्या नजरेत आले. पुढे ते देशभर पसरले.

एकदांडी म्हणजे टाकाऊ झाड, असे मात्र नाही. खरचटले तर खेड्यात तिचा पाला चुरडून लावतात. तिचे काम वेगळे, माक्याचे वेगळे.

नुसता फुलाचा रंग पाहून झाड ओळखू नये. जागा, पान, फूल, बी आणि रस या पाचही खुणा जुळल्या, तरच म्हणावे, हा माका.