गिरणीचं देणं

एप्रिल 2010 मध्ये महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ आला. हिंदीत त्याचंच नाव ‘सिटी ऑफ गोल्ड’. त्या उन्हाळ्यात आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत चित्रपटाचा विषय निघाला की बोलणं त्यातल्या नरूच्या, गिरणी कामगाराच्या बिघडलेल्या मुलाच्या, पिस्तुलावर यायचं. शेजारी एक निवृत्त साचेवाले, म्हणजे मागावर काम केलेले, होते. जन्मभर सोलापुरातल्या गिरणीत राबलेले. त्यांचा प्रश्न वेगळाच असे: पोरगं बिघडलं ते सगळ्यांना दिसलं, पण बापाच्या फंडाचं आणि ग्रॅच्युइटीचं पुढे काय झालं? आज त्या काळाकडे वळून पाहताना वाटतं, चित्रपटाचा खरा विषय त्यांनीच ओळखला होता.

गोष्ट सुरू होते 18 जानेवारी 1982 ला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम नोकरी हवी होती आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा 1946 चा औद्योगिक संबंध कायदा नको होता. संप दीड वर्षाहून अधिक चालला आणि रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. तेरा गिरण्या 1983 मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या. बऱ्याच खाजगी गिरण्या पुढे एकेक करून थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, आणि कापडापेक्षा जागेला मोल आलं. त्याच दशकात गिरणगावात गोळ्या झडल्या. 1994 मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा खून झाला, 16 जानेवारी 1997 ला खुद्द डॉ. सामंतांचा.

त्याच वर्षी जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक रंगभूमीवर आलं. पवार स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. संप, मोर्चे, टोळ्या हे सगळं त्यांनी रंगमंचाबाहेर ठेवलं आणि प्रेक्षकाला चाळीतल्या धुरी कुटुंबाच्या एकाच खोलीत बसवलं. बेकार मुलगे, लग्नाची मुलगी आणि घर ओढणारी आई. बाहेर काय चाललंय ते आत येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं.

याच नाटकावर चित्रपट काढताना मांजरेकरांनी या खोलीचं दार उघडलं. कॅमेरा गल्लीत गेला, गिरणीच्या आवारात गेला, मालकाच्या दिवाणखान्यातही शिरला. त्यामुळे नाटकात न दिसणारी एक साखळी पडद्यावर दिसली: जमीन हवी असलेला मालक, त्याला हवी असलेली दहशत, आणि ती स्वस्तात पुरवायला तयार असलेली कामगाराचीच पोरं. सिद्धार्थ जाधवने साकारलेला ‘स्पीडब्रेकर’ हा पोरगा मनातून जात नाही, कारण त्याला दुसरं काही होण्याची संधीच कुणी दिली नव्हती. मात्र उत्तरार्धात रक्त इतकं वाढतं की सीमा बिस्वास यांची आई मागे पडते. माझी तक्रार तेवढीच, पण ती मोठी आहे. या कथेतला पहिला गुन्हा गोळीचा नाही. पगाराच्या तारखेला रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्या माणसाचा तो गुन्हा आहे, आणि त्यात तो आरोपी नाही, फिर्यादी आहे.

सोलापुरात हे सारं पिस्तुलाशिवाय घडलं. इथली पहिली कापड गिरणी 1877 ची, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली. 1930 च्या मे महिन्यात स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार होते. शहरावर मार्शल लॉ लागला. हीच गिरणी 1949 मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. वाद सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला. 1950 च्या चिरंजितलाल चौधरी खटल्यात सरकारचं पाऊल टिकलं. 1953 च्या डिसेंबरात, द्वारकादास श्रीनिवास खटल्यात, भरपाईविना मालमत्ता हिरावली म्हणून ते रद्द ठरलं. कायद्याचे विद्यार्थी आजही हे निकाल वाचतात. दोन्ही वेळा दाद मागणारे भागधारक होते. त्यांचं नुकसान मोजायला राज्यघटनेचं कलम होतं. साचेवाल्याच्या बुडालेल्या दिवसांसाठी तसं मापच नव्हतं.

शतक संपता संपता लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचेही भोंगे थांबले. सोलापूरचा कामगार टोळीत गेला नाही, यंत्रमागावर गेला. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. ते विणणाऱ्याला गिरणीतली कायम नोकरी, फंड आणि ठरलेली पाळी परत मिळाली नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी गिरणीचा बिल्ला शेवटपर्यंत ट्रंकेत जपून ठेवला, देणी मागावी लागलीच तर ओळख पटावी म्हणून. सोलापूरच्या गिरण्यांवर कधी चित्रपट निघाला, तर त्यात एकही गोळी सुटली नाही तरी चालेल. त्याने या ट्रंकेपासून सुरुवात करावी.